वाचनालयाचा डेस्कटॉप आणि सपोर्ट संपलेलं ग्राफिक्स कार्ड

प्रेषक: वाचनालय
विषय: डेस्कटॉपने मान टाकली आहे

नमस्कार मंडळी,

वाचनालयातला डेस्कटॉप चालू करून मी सगळी कपाटं उघडतो, खिडक्या उघडतो, परत येऊन बसतो, तेव्हा कुठे तो पासवर्ड विचारतो. आत इंटेलचा आय५-३४७० प्रोसेसर, ४ जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क, विंडोज १० आणि एनव्हिडियाचं जीटी ७३० ग्राफिक्स कार्ड. जुन्या अंकांचं स्कॅनिंग रखडलंय. प्रोजेक्टरवर यूट्यूबचं रेकॉर्डिंग लावलं तर आवाज पुढे आणि चित्र मागे.

ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, जुना असेल म्हणून नवा टाकायला गेलो. याच लिस्टवर मागे कुणीतरी लिहिलं होतं की ७०० सिरीज म्हणजे केप्लर घराण्याच्या चिप, तिला ४७०च्या शाखेतला ड्रायव्हर चालतो. तो उतरवला, तर इन्स्टॉलर म्हणतो, सुसंगत हार्डवेअर सापडलंच नाही. कार्ड माझ्या डोळ्यांसमोर आहे, त्यावर जीटी ७३० छापलेलं आहे! आता खोटं कोण बोलतंय, कार्ड की इन्स्टॉलर? नवं कार्ड घ्यायचं का? आणि घेतलं तर विंडोज ११ चालेल का?

प्रेषक: काका
विषय: उत्तर: डेस्कटॉपने मान टाकली आहे

अरे, दोघंही खरं बोलतायत. २०१४मध्ये जीटी ७३० या एकाच नावाखाली दोन वेगळ्या चिप विकल्या गेल्या. एक जीके२०८, म्हणजे केप्लर, ३८४ कोअरची. दुसरी जीएफ१०८, म्हणजे फर्मी, ९६ कोअरची. फर्मी हे घराणंच २०१०चं. गंमत अशी की जुन्या चिपच्या डीडीआर३ कार्डावर १२८ बिट मेमरी बस होती आणि नव्या चिपला ६४. खोक्यावर मोठा आकडा दिसला की माणूस तेच उचलणार.

तुझ्याकडे कुठली आहे ते असं बघ. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टरवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि तिथे हार्डवेअर आयडीज निवड. 'व्हेन' या अक्षरांपुढे १०डीई असेल, ती एनव्हिडियाची खूण. (एएमडी असतं तर १००२ दिसलं असतं. इंटेलने स्वतःसाठी आपल्या जुन्या प्रोसेसरचाच आकडा ८०८६ घेतलाय, हौसेला मोल नाही.) पुढे 'डेव्ह'नंतर ०एफ०२ असेल तर फर्मी, १२८७ असेल तर केप्लर. माझा अंदाज फर्मी. तसं असेल तर त्याचा शेवटचा नेहमीचा ड्रायव्हर ३९१.३५, मार्च २०१८चा. पुढचा कुठलाही त्याला ओळख दाखवणार नाही.

आता तुझ्या 'सपोर्ट'बद्दल. आपण हा शब्द एकच म्हणून वापरतो आणि तिथेच पैसे जातात. कार्डाच्या कंपनीने ड्रायव्हर काढणं थांबवलं, हा एक प्रकार. कार्ड त्यानंतरही चालत राहतं, फक्त त्यातली भोकं कुणी बुजवत नाही. विंडोजने मशीन नाकारलं, हा दुसरा. तुझ्या बाबतीत त्याचा कार्डाशी संबंध नाही: विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. तुझा तिसऱ्या पिढीचा आहे, २०१२चा. जगातलं सगळ्यात महाग कार्ड आणून खोचलंस तरी ते उत्तर बदलणार नाही. तिसरा प्रकार म्हणजे मदरबोर्डाच्या बायोसचं (विंडोजच्या आधी मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम) आणि कार्डाचं आपसात न जमणं. तो ऐन वेळी तोंडघशी पाडतो. त्याबद्दल लागलंच तर लिहीन.

काही विकत घेण्याआधी आयडी कळव.

प्रेषक: एक सभासद
विषय: उत्तर: उत्तर: डेस्कटॉपने मान टाकली आहे

तेरा-चौदा वर्षांचं मशीन आहे. कशाला एवढा जीव टाकायचा? नवीन घ्या, विषय संपवा.

प्रेषक: वाचनालय
विषय: घात झाला

काका, आयडी ०एफ०२. फर्मीच.

पण त्याआधीच मी उद्योग करून बसलोय. विंडोज ११ची तपासणी चुकवून ते टाकता येतं असा एक व्हिडिओ पाहिला. त्यात म्हणाले, बायोसमध्ये जाऊन सीएसएम बंद करा आणि सिक्युअर बूट चालू करा. केलं. सेव्ह करून बाहेर पडलो आणि तेव्हापासून पडदा काळा. पंखा फिरतो, कीबोर्डवरचा दिवा लागतो, चित्र काही येत नाही. बायोससुद्धा दिसत नाही, मग बदललेलं परत फिरवू कसं? मदरबोर्ड गेला का? मंडळाची वस्तू आहे हो.

प्रेषक: काका
विषय: उत्तर: घात झाला

काही गेलेलं नाही. पाणी पी आणि पुढचं वाच.

हाच तो तिसरा प्रकार. विंडोज सुरू होण्याआधी जे चित्र दिसतं ते कार्डाच्या स्वतःच्या छोट्या बायोसमधून येतं. नव्या पद्धतीच्या यूईएफआय मदरबोर्डाला त्या बायोसमध्ये जीओपी नावाचा तुकडा लागतो. फर्मीच्या काळातल्या कार्डांत तो सहसा नसतोच. अशा जुन्या कार्डांसाठी बोर्डावर सीएसएम ठेवलेलं असतं, जुन्या भाषेचा दुभाषा समज. तू दुभाष्याला घरी पाठवलंस. आता बोर्ड बोलतोय, कार्ड ऐकतंय, आणि कुणालाच काही कळत नाहीये.

बॅटरी काढायची घाई नको. मशीन बंद कर, मागची वायर काढ, पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धर म्हणजे उरलेला करंट जाईल. केसच्या उघड्या पत्र्याला हात लाव. मग कार्डाचा स्क्रू काढ. स्लॉटच्या टोकाला एक छोटी खिट्टी असते, ती दाबल्याशिवाय कार्ड ओढू नकोस. तिथेच लोक स्लॉट मोडतात. कार्ड बाहेर आलं की मॉनिटरची केबल बोर्डाच्या स्वतःच्या पोर्टला लाव. ३४७०च्या आत इंटेलचं एचडी २५०० हे ग्राफिक्स बसलेलं आहे आणि त्याला यूईएफआयची भाषा येते. चित्र येईल. तेव्हा बायोसमध्ये जाऊन सीएसएम पुन्हा चालू कर आणि सिक्युअर बूट बंद कर.

नाहीच आलं, तर मग ती सीआर२०३२ची गोल बॅटरी पाच मिनिटं काढून ठेवू.

प्रेषक: वाचनालय
विषय: उत्तर: उत्तर: घात झाला

आलं चित्र!! विंडोजही आलं. कार्ड टेबलावर आहे, पंख्यात बोटभर धूळ. एक विचारू? कार्ड बाहेर आहे तरी मशीन जसं होतं तसंच चालतंय. म्हणजे मंदही तेवढंच, पण त्याहून जास्त नाही.

प्रेषक: काका
विषय: उत्तर: घात झाला

हेच मी तुला सांगणार होतो, तू आधी बघितलंस ते बरं झालं. तुझ्या कामात ते कार्ड काहीच करत नव्हतं. यूट्यूब हल्ली व्हीपी९ नाहीतर एव्ही१ या पद्धतीने व्हिडिओ पाठवतं. ते उलगडायची सोय त्या कार्डात नाही, एचडी २५००मध्येही नाही, त्यामुळे सगळा भार प्रोसेसरवर. एच.२६४ मात्र इंटेलच्या या चिपला हार्डवेअरमध्येच येतं. यूट्यूबकडून एच.२६४च मागून घेणारी एक्स्टेन्शन्स मिळतात, त्यातलं एक ब्राउझरमध्ये टाक. १०८०पी पर्यंतच मिळेल, प्रोजेक्टरला तेवढं पुष्कळ.

बाकी मंदपणा हार्ड डिस्क आणि ४ जीबी रॅमचा. फिरत्या डिस्कऐवजी साटा एसएसडी घे. रॅमच्या ८ जीबीच्या दोन सारख्या पट्ट्या घे, एकच १६ची नको. आतलं ग्राफिक्स मुख्य रॅमच वापरतं, दोन पट्ट्या जोडीने चालल्या की त्याला दुप्पट रुंद रस्ता मिळतो. आणि डीडीआर३ बघून घे, डीडीआर४ची खाच वेगळ्या जागी असते, बसणारच नाही.

प्रेषक: रेकॉर्डिंगवाली ताई
विषय: मधेच तोंड घालते

काका, स्कॅनिंगपुरतं तुमचं पटतं. पण पुढेमागे याच मशीनवर रेकॉर्डिंग एडिट करायचं म्हटलं तर आतल्या ग्राफिक्सवर मी तरी बसणार नाही. चार कॅमेऱ्यांचं चित्र एका टाइमलाइनवर घेतलं की ते गुडघे टेकतं. तेव्हा कार्ड लागणारच. कुठलं ते तरी सांगून ठेवा.

प्रेषक: काका
विषय: उत्तर: मधेच तोंड घालते

ताई, तू म्हणतेस ते खरं आहे. घ्यायचंच झालं तर आधी पॉवर सप्लायवरचं लेबल वाचायचं. स्लॉटमधून कार्डाला फार तर ७५ वॉट मिळतात. त्याहून भुकेलं कार्ड असेल तर सहा पिनची वेगळी वायर लागते आणि ती अशा ऑफिसच्या डब्यांत बऱ्याचदा नसते. म्हणून ७५च्या आतलं बघायचं. २०१९चं जीटीएक्स १६५० त्यात बसतं, पण जास्तीची पिन नसलेलंच मॉडेल बघून. जीटी १०३० घेऊ नये. ते पास्कल घराण्याचं. पास्कल आणि त्याआधीचं मॅक्सवेल, या घराण्यांसाठी ड्रायव्हरची ५८०ची शाखा शेवटची, ऑक्टोबर २०२५पासून त्यांना फक्त सुरक्षेचे अपडेट आणि तेही ऑक्टोबर २०२८पर्यंत. १६५० ट्युरिंगचं आहे, त्याची पाळी अजून आलेली नाही. एएमडीचं आरएक्स ६४०० लहानसं आणि गोंडस दिसतं, पण त्याला बोर्डाशी बोलायला चारच लेन आहेत आणि व्हिडिओ एन्कोड करायची सोयच नाही, म्हणजे तुझ्या नेमक्या कामाला निरुपयोगी. इंटेलच्या आर्क कार्डांना रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम दिसू देणारी सोय) लागतो, तो या बोर्डात कुठून आणणार?

आणि जुन्या बाजारात जपून. फर्मीच्या कार्डांचं बायोस बदलून ती पास्कलची १०५० टीआय म्हणून खपवली जातात. ओळखायची सोपी खूण: मागे निळं व्हीजीए पोर्ट दिसलं की समजायचं. पास्कलपासून कार्डावर अ‍ॅनालॉग आउटपुट राहिलेलंच नाही.

तरी माझं मत, एडिटिंगसाठी कार्ड घेण्यापेक्षा ते पैसे दुसऱ्या मशीनकडे वळवावेत. चार कोअरवर तूच वैतागशील.

प्रेषक: रेकॉर्डिंगवाली ताई
विषय: उत्तर: उत्तर: मधेच तोंड घालते

वैतागेनच. ठीक आहे, मी माझ्या लॅपटॉपवर करते.

प्रेषक: वाचनालय
विषय: झालं एकदाचं

मंडळी, काम झालं.

एसएसडी लावली. काकांनी फोनवर सांगितलं म्हणून बरं, नाहीतर पहिल्या हाताला आलेल्या पोर्टात खुपसणार होतो. आपल्या बी७५ बोर्डावर सहा गिगाबिटचं साटा पोर्ट एकच असतं, बाकीची तीन गिगाबिटची. रॅम १६ जीबी. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि घरगुती ग्राहकांना वाढीव मुदतही फक्त एक वर्षाची, त्यामुळे लिनक्स मिंट टाकलं. आधी पेन ड्राइव्हवरून चालवून पाहिलं, स्कॅनर लगेच ओळखला गेला, मगच डिस्कवर उतरवलं. ग्राफिक्सचा ड्रायव्हर शोधावाच लागला नाही. इंटेलच्या या चिपचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात, कर्नलमध्येच आहे आणि लोक अजून त्याची देखभाल करतायत.

उत्सुकता म्हणून फर्मीचं कार्ड एकदा परत लावून पाहिलं. चित्र आलं, पण एनव्हिडियाच्या कार्डांसाठीच्या मुक्त नूव्हो ड्रायव्हरला फर्मीचा वेग वाढवता येत नाही, ते सुरू होताना जेवढ्यावर असतं तेवढ्यावरच रांगतं. आणि कंपनीच्या ३९०च्या शाखेची देखभाल २०२२च्या अखेरीस थांबली. काढलं पुन्हा.

आता कपाटाचं पहिलं कुलूप उघडेपर्यंत पासवर्डची चौकट हजर असते. पंख्याची किरकिरही गेली.

कार्ड पाकिटात घालून वर पेनाने लिहून ठेवलंय: "जीटी ७३०, पण फर्मी. ०एफ०२. सीएसएम बंद करू नये." कुणाला हवं असल्यास वाचनालयाच्या वेळात घेऊन जावं.

प्रेषक: काका
विषय: उत्तर: झालं एकदाचं

मला नको. घरात तसली तीन आहेत.