मदत हवी आहे: नवीन गोडाऊनची मांडणी एआय वापरून करायची आहे, सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय कारण खरंच अडलंय.

मी भिवंडीत एका ऑटो स्पेअर पार्टच्या डिस्ट्रिब्युटरकडे गोडाऊन आणि डिस्पॅच बघते. आमचे तीन छोटे गाळे आहेत, पहिला मुंबईची जकात होती त्या काळात घेतलेला, मग धंदा वाढला तसा शेजारचा, मग त्याच्या मागच्या गल्लीतला. 2017 ला जीएसटी आला, जकात गेली, गाळे मात्र तीनच राहिले. आता शेठनी मानकोलीच्या बाजूला एक मोठा गाळा घेतलाय, 60 मीटर बाय 37 मीटर, म्हणजे जवळपास 24 हजार स्क्वेअर फूट, आणि दिवाळीनंतर सगळं तिकडे हलवायचंय. मांडणी ठरवायची जबाबदारी माझ्यावर आहे.

आकडे देते. चालू आयटम 3,400. रोज साधारण 1,000 ओळी (बिलातली एक वस्तू म्हणजे एक ओळ) निघतात म्हणजे 80-85 पिकलिस्ट (गोडाऊनमधून माल काढायच्या याद्या). माल काढायला 9 जण. आत्ता सगळं कंपनीवार लावलेलं आहे, एका ब्रँडचं सगळं एका रॅकला. यात नवीन माणसाला माल पटकन सापडतो हे खरं, पण पायपीट भयंकर आहे. आमच्याकडे सगळ्यात जुने एक मामा आहेत, त्यांच्या मोबाईलमध्ये पावलं मोजायचं चालू करून दिलं तर पहिल्याच दिवशी सोळा-सतरा हजार पावलं, म्हणजे दहा-अकरा किलोमीटर, तेही हातात खोकी घेऊन. संध्याकाळी ते वजनकाट्यावर बसून चप्पल काढतात आणि दोन्ही पाय पत्र्याच्या भिंतीला लावून ठेवतात, ते बघून मी ठरवलंय की नवीन गाळ्यात हे कमी झालंच पाहिजे.

शेठनी अॅमेझॉनच्या रोबोटचे व्हिडिओ बघितलेत, रॅकच उचलून माणसाकडे आणणारे, ते बनवणारी किव्हा ही कंपनी अॅमेझॉनने 2012 मध्ये 775 मिलियन डॉलरला घेतली होती, तर ते आपल्या आवाक्यातलं नाही हे त्यांनाही माहितीये. पण एआयने लेआऊट तरी करून घे म्हणाले. म्हणून मी एका फुकट चॅटबॉटला गाळ्याची मापं, आयटमची यादी सगळं दिलं. त्याने दोन मिनिटात अगदी सुबक नकाशा काढला, पण नीट बघितलं तर रॅकची एक अख्खी रांग खांबांमधून गेलेली आणि दोन रॅकमधला रस्ता सव्वा मीटर, तिथे पॅलेट (माल रचायची लाकडी चौकट) उचलून नेणारी ट्रॉली वळणार कशी? परत सांगितलं तर माफी मागून दुसरा नकाशा दिला, त्यात दुसरं शटरच गायब.

माझ्याकडे 14 महिन्यांची सगळी बिलं एक्सेलमध्ये आहेत. गाळ्याला दोन शटर आहेत, दोन्ही एकाच बाजूला, आणि मधे खांबांच्या दोन रांगा. प्रश्न असा की या डेटातून खरोखर उपयोगी मांडणी काढायची तर कुठलं एआय वापरायचं, कसं वापरायचं? मला एक्सेल चांगलं येतं, पायथन थोडंफार शिकलेय. कन्सल्टंटचं कोटेशन आलंय ते शेठना परवडणारं नाही. कोणी असं काम केलं असेल तर प्लीज सांगा.

चाकणचा_वाटसरू:

ताई, मी चाकणला एका वेअरहाऊसमध्ये हेच काम करतो. पहिली गोष्ट, चॅटबॉटकडून नकाशा काढून घेऊच नका. तो भाषा शिकलेला आहे, शब्दाला शब्द जोडून पुढचं वाक्य रचतो, खांब कुठे आहे हे त्याने मोजलेलं नसतं. त्याच्याकडून कोड लिहून घ्या, त्यात तो खरंच मदत करतो, पण हिशोब तुमच्या कॉम्प्युटरवर तुमच्या डेटावर होऊ द्या.

तुमचा प्रश्न दोन भागात तोडा. रॅक कुठे उभे करायचे हा एक, आणि कुठल्या रॅकवर काय ठेवायचं हा दुसरा, ज्याला स्लॉटिंग म्हणतात. रॅकच्या बाबतीत एआयला फार वाव नाही, ते खांब, शटर आणि ट्रॉली ठरवतात. खांब रॅकच्या रांगेत दडवा, रस्त्यात येऊ देऊ नका. रीच ट्रक (उंच रॅकवर माल चढवणारी गाडी) फिरवायचा असेल तर रस्ता 3 मीटरच्या आसपास लागतो, साधा फोर्कलिफ्ट असेल तर साडेतीन ते चार. नुसती हातातली पॅलेट ट्रॉली असेल तर कमीत भागतं, पण तुमची ट्रॉली भरलेल्या 1200 बाय 1000 मिलिमीटरच्या पॅलेटसकट वळवून बघा आणि मग आकडा लिहा. दोन्ही शटर एकाच बाजूला आहेत हे तुमच्या फायद्याचं आहे, जास्त चालणारा माल त्याच बाजूला ठेवता येतो, आवक आणि जावक दोन्हीला जवळ.

खरी पायपीट वाचते ती स्लॉटिंगमध्ये. यातलं गणित जुनं आहे, कूपमन्स आणि बेकमन यांनी 1957 मध्ये मांडलेलं, कारखाने कुठे बसवायचे यासाठी. 20 आयटम 20 जागांवर लावायचे म्हटले तरी 24 वर 17 शून्यं द्यावीत इतके प्रकार होतात, तुमचे तर 3,400 आहेत, म्हणून सगळे तपासत बसणं कॉम्प्युटरलाही शक्य नाही. तिथे सिम्युलेटेड अॅनिलिंग वापरतात, 1983 पासूनची पद्धत आहे. धातू तापवून हळूहळू थंड केला की त्यातले अणू नीट जागच्या जागी बसतात, त्यावरून नाव आलंय. कॉम्प्युटर दोन आयटमच्या जागा बदलतो, जुन्या पिकलिस्ट नव्या जागांवर परत चालून बघतो, एकूण अंतर कमी झालं तर बदल ठेवतो. सुरुवातीला कधीकधी वाईट बदलही ठेवतो म्हणजे एका जागी अडकून बसत नाही, आणि जसजसं थंड होईल तसतसं वाईट बदल घेणं बंद करतो. लाखो वेळा हे होतं, साध्या लॅपटॉपवर रात्रभर लावून ठेवा.

अंतर सरळ रेषेत मोजू नका, माणूस रॅकमधून जात नाही. रस्त्याच्या तोंडांवर बिंदू टाका आणि चालायचा रस्ता मोजा.

आणि सगळा 14 महिन्यांचा डेटा त्याला देऊ नका. शेवटचे दोन महिने बाजूला ठेवा, तयार झालेली मांडणी त्यावर तपासा, नाहीतर जुन्या बिलांना बरोबर बसेल आणि पुढच्या महिन्यात परत पायपीट सुरू.

हिशोबी_बाई:

वरचं सगळं पटलं. पण अॅनिलिंगला बसायच्या आधी एक सोपं काम करा, एक्सेलमध्येच होईल. प्रत्येक आयटमला लागणारी जागा भागिले तो किती वेळा उचलला जातो. हा आकडा ज्याचा लहान तो शटरजवळ. 1963 मध्ये हेस्केटने मांडलेला नियम आहे. आपण सगळे नुसतं जास्त खपतं ते पुढे ठेवतो आणि मग मोठमोठी खोकी पुढची सगळी जागा खाऊन टाकतात, ती चूक यात होत नाही. ही मांडणी हाताशी असली की एआयने तिच्यापेक्षा किती वाचवलं ते कळेल. नुसत्या कंपनीवार मांडणीशी तुलना केली तर काहीही केलं तरी भारीच वाटेल.

नवा_गाळा (धागाकर्ती):

दादा, ताई, खूप खूप आभार. तीन आठवडे गायब होते कारण हेच करत बसले होते.

हेस्केटवाला हिशोब एका दुपारी झाला. 3,400 पैकी फक्त 410 आयटममध्ये 78 टक्के ओळी निघाल्या, मला स्वतःला धक्का बसला. मग कुठल्या वस्तू एकत्र जातात ते बघायला घेतलं आणि तिथे घोळ झाला. कोड म्हणत होता की क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग यांचा एकमेकांशी विशेष संबंध नाही. हे मी मामांना सहज बोलले तर ते म्हणाले, "असं कसं होईल पोरी, मेकॅनिक गिअरबॉक्स एकदाच उतरवतो, तिन्ही बदलूनच बंद करतो, तीन वेगळ्या वेळी कोण उतरवेल?" आणि रॅकच्या टोकाला एक पुठ्ठ्याचं खोकं दाखवलं, त्यात त्यांनी चालणाऱ्या चार-पाच गाड्यांची बेअरिंग स्वतःच आणून ठेवलेली, बेअरिंगच्या गाळ्यात जावं लागू नये म्हणून. कित्येक वर्षं ठेवतायत, आम्हाला कोणाला माहिती नव्हतं.

मग बिलं उघडून बघितली. आमच्याकडे स्कीमच्या हिशोबासाठी प्रत्येक कंपनीचं बिल वेगळं बनतं! क्लच प्लेट एका बिलात, बेअरिंग दुसऱ्या बिलात, पार्टी तीच, दिवस तोच, टेम्पोही तोच. कोडच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या ऑर्डर. बिल नंबर सोडून पार्टी आणि तारीख यावर जोडल्यावर तिन्ही एकत्र दिसायला लागले, ऑइल फिल्टर-एअर फिल्टर-इंजिन ऑइल पण, ब्रेक शू आणि ब्रेक सिलिंडर पण. मामांना विचारलं नसतं तर चुकीच्या डेटावर मी रात्रभर लॅपटॉप तापवत बसले असते.

आता आकडे. बाजूला ठेवलेल्या महिन्यातल्या 40 पिकलिस्ट घेतल्या. नवीन गाळ्यात कंपनीवार लावलं असतं तर 19 किलोमीटर चाल, हेस्केटच्या नियमाने 14, आणि अॅनिलिंगने 12. पाच किलोमीटर एक्सेलनेच वाचले, पुढचे दोन एआयने. रविवारी रिकाम्या गाळ्यात खडूने रॅक आखले, मी आणि मामा सहा लिस्ट खरोखर चाललो, अंतर कॉम्प्युटरच्या आकड्यापेक्षा आठ-नऊ टक्के जास्त आलं, कारण ट्रॉली घेऊन माणूस खांबाला लांबून वळसा घालतो.

दोन अडचणी उरल्यात. एक, चालणारे सगळे आयटम पहिल्या दोन रस्त्यांत जमा झालेत, सकाळी अकराला नऊ जण तिथेच अडकतील. दुसरं, पहिल्या शटरपाशी पावसाचं पाणी आत येतं, या पावसात लादीवर बोटभर होतं, आणि कॉम्प्युटरने बरोबर तिथेच सगळ्यात खालच्या फळीवर पुठ्ठ्यातले एअर फिल्टर ठेवलेत. हे त्याला कसं सांगायचं?

चाकणचा_वाटसरू:

ताई, बिलांची गोष्ट वाचून आत्ताच आमचाही डेटा तपासायला सांगितलाय.

दोन्ही गोष्टी दंड लावून सांगता येतात. प्रत्येक रस्त्याला ताशी किती ओळी चालतील याची मर्यादा ठरवा, त्यापेक्षा जास्त झाल्या की एकूण अंतरात जादा मीटर मिळवायचे, कॉम्प्युटर आपोआप माल पसरवेल. पाण्याला दंड नको, तिथे सरळ मनाई लावा, पुठ्ठ्याचं पॅकिंग असेल तर ती खालची फळी त्याच्यासाठी नाहीच. तसंच ब्रेक ड्रमसारखं जड सामान कमरेच्या वर चढवायचं नाही आणि रोज शंभरदा उचलायचं ते कमर ते खांद्याच्या मधे, हेही मनाईतच टाका, नाहीतर अंतर वाचवायला तो ड्रम डोक्यावर ठेवेल.

माल काढायचा रस्ता कसा धरलाय? एका रस्त्यात शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर, असा सापासारखा असेल तर ठीक आहे, लोकांना लक्षात राहतो. सगळ्यात छोटा रस्ता काढायची अचूक पद्धत रॅटलिफ आणि रोझेंथाल यांनी 1983 मध्येच दिलीये, पण तो रोज बदलतो आणि माणसं गोंधळतात.

जुना_फायरमन:

मांडणी ठरायच्या आधी आगीचं बघा, नंतर रॅक हलवणं होत नाही. स्प्रिंकलरच्या खाली नियमाने लागते तेवढी जागा मोकळी राहिली पाहिजे, म्हणजे वरच्या फळीवरचं खोकंसुद्धा त्याच्या खालीच. इंजिन ऑइल आणि रबरचा माल एका कोपऱ्यात साठू देऊ नका, आणि मागच्या दाराचा रस्ता त्या प्रोग्रॅममध्ये माल ठेवायची जागा म्हणून टाकूच नका. भिवंडीतल्या गोडाऊनच्या आगीच्या बातम्या आपण वाचतोच. लायसन्स असलेल्या माणसाकडून नकाशा तपासून घ्या.

नवा_गाळा (धागाकर्ती):

मागच्या दारासमोरच्या 11 जागा आत्ताच यादीतून काढल्या, त्या खरंच राहून गेल्या होत्या. ड्रमची मनाई टाकून परत रात्रभर लावतेय, 12 चे साडेबारा झाले तरी चालतील.

अजून एकच विचारायचंय. कंपनीवार रांगा गेल्या की प्रत्येक फळीला नंबर लागणार आणि पिकलिस्टवर तो छापून यावा लागणार. मामांना जवळचं कमी दिसतं, त्यांना कंपनीच्या खोक्यांचे रंग पाठ आहेत, नंबर नाहीत. रस्त्यांना रंग देऊन लिस्टवर तोच रंग छापायचा असा विचार आहे, पण आमचा प्रिंटर काळापांढरा आहे. कोणी खुणा किंवा चित्रं वापरून लोकेशन लावली असतील तर फोटो टाकाल का?