नवा राऊटर घेतला, पुढे काय झालं? अनुभव लिहा

आमच्या घरचा राऊटर नऊ वर्षांनी मागच्या महिन्यात बदलला. मागच्या खोलीत व्हिडिओ कॉल सारखा अडकायचा, म्हणून वाय-फाय ६ चा नवा आणला. जुना काढला, त्याच जागी नवा ठेवला, आणि कॉल अडकायचा तो अडकतच राहिला. दोन दिवस मी फार खट्टू होते. तिसऱ्या दिवशी मुलीने विचारलं, "आई, हा टीव्हीच्या मागे का ठेवलाय?" कारण एकच, वायर तिथवरच पोचत होती. लांब वायर आणून तो घराच्या मधोमध, कपाटावर ठेवला. मागच्या खोलीतला वेग १२ एमबीपीएसवरून ७० वर गेला. मग मुद्दाम जुना राऊटर त्या नव्या जागी लावून मोजलं, तर ३८. जवळपास निम्मं काम जागेनेच केलं होतं!

हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून हा धागा. कोणता घ्यावा यापेक्षा, घेतल्यावर काय अडलं आणि ते कशाने सुटलं, ते सांगा.

चारच तारा

माझा प्लॅन ३०० चा. नव्या राऊटरवर वेग ९४ च्या वर जाईना, लॅपटॉप थेट वायरने जोडला तरी नाही. हा आकडा दिसला की आधी एकच संशय घ्यावा, मध्ये कुठेतरी जोडणी १०० एमबीपीएसवर अडकली आहे. गिगाबिटसाठी वायरीतल्या चारही जोड्या, म्हणजे आठ तारा लागतात. १०० ला दोन जोड्या पुरतात. मोडेमपासून राऊटरपर्यंतची आमची हातभर वायर निरखून पाहिली, तर प्लगमध्ये चारच तारा! ती बदलली आणि २९० मिळायला लागले.

खरेदी करणाऱ्यांसाठी आणखी एक. खोक्यावर मोठ्या अक्षरात १२०० असतं, ते बहुतेक वेळा राऊटरच्या दोन रेडिओ पट्ट्यांची, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ यांची गोळाबेरीज असते. तुमच्या फोनला एवढा वेग कधीच मिळत नाही. अशा काही राऊटरचे मागचे पोर्ट तर १०० चेच असतात. पोर्टचा वेग बारीक अक्षरात लिहिलेला असतो, तो आधी वाचा.

नाव-पासवर्ड तेच

घरात १९ उपकरणं. नव्या राऊटरला वाय-फायचं जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला, अक्षरन् अक्षर तसाच. सगळी आपोआप जोडली गेली. सेटिंगमध्ये शिरायचा ॲडमिन पासवर्ड मात्र पहिल्याच दिवशी बदला.

आमच्याकडे नाही जोडली गेली

वरच्यासारखंच केलं, तरी प्रिंटर आणि चार स्मार्ट बल्ब रुसले. चूक माझी होती. सुरक्षा जास्त हवी म्हणून मी फक्त डब्ल्यूपीए३ (वाय-फायच्या सुरक्षेचा नवा प्रकार) निवडलं होतं, आणि जुन्या उपकरणांना ते येत नाही. डब्ल्यूपीए२ आणि ३ मिळून जो पर्याय असतो तो दिल्यावर प्रिंटर लगेच आला. बल्ब मी तोवर घाईने रीसेट करून बसलो होतो. ते फक्त २.४ वर चालतात आणि फोन ५ वर होता, त्यामुळे त्यांची जुळणीच होईना. ५ चा पट्टा थोडा वेळ बंद ठेवून चारही जोडले, मग परत चालू केला.

बाबांशी बोलताना

माझे आईबाबा लांब राहतात. रोज रात्री साडेनऊला कॉल. बाबांना कमी ऐकू येतं, ते माझ्या ओठांकडे बघून समजून घेतात. चित्र गोठलं की त्यांचं संभाषणच तुटतं, म्हणून मी हौसेने महागातला राऊटर घेतला. फरक शून्य. वेग तपासला की उत्तम दिसायचा, आणि कॉल मात्र गोठायचा.

कारण सापडायला तीन आठवडे लागले. बायको साधारण त्याच वेळी फोन चार्जिंगला लावते आणि दिवसभराचे फोटो बॅकअपला जायला लागतात. अपलोडची वाट भरली की कॉलची पाकिटं त्याच रांगेत मागे उभी राहतात. मोजून पाहिलं, एरवी १८ मिलिसेकंदांचा पिंग, म्हणजे निरोप जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, तेव्हा ६०० च्या वर जात होता. नव्या राऊटरमध्ये एसक्यूएम नावाची, ही रांग आटोक्यात ठेवणारी सोय होती, ती मी उघडूनही पाहिली नव्हती. तिथे अपलोड आणि डाउनलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या ९० टक्क्यांवर ठेवली. आता फोटो जात असतानाही पिंग ३० च्या आसपास राहतो. फोटो जरा सावकाश जातात, जाऊ देत. ही सोय प्रत्येक राऊटरमध्ये नसते, घरात कॉल महत्त्वाचे असतील तर घेण्याआधी विचारा.

एकामागे एक दोन राऊटर

इंटरनेट कंपनीने दिलेला डबा स्वतःच राऊटर होता, त्याच्या मागे मी माझा लावला. दुहेरी नॅट झालं, म्हणजे दोन्ही राऊटर आपापल्या परीने पत्ते बदलायला लागले, आणि घरातला कॅमेरा बाहेरून दिसेना. कंपनीला सांगून त्यांचा डबा ब्रिज मोडवर टाकला, म्हणजे तो आता राऊटरचं काम न करता जोडणी फक्त पुढे देतो. तसं करण्याआधी पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीच्या जोडणीत लॉगिन करायचं युजरनेम आणि पासवर्ड मागून घ्या. मी घेतलं नव्हतं, दोन दिवस घर इंटरनेटविना होतं.

धागाकर्ती

बाबांचा अनुभव वाचून आत्ताच आमचाही पिंग कॉल चालू असताना मोजला, २२० आहे. आज रात्री सेटिंग उघडते. आणि एक विचारायचं होतं, जुन्या राऊटरचं काय केलंत?

वरच्या मजल्यावर लावला

आम्ही तो ॲक्सेस पॉइंट केला, म्हणजे तो आता फक्त वाय-फाय देतो. त्याचा डीएचसीपी (उपकरणांना आयपी पत्ते वाटणारी सोय) बंद केला, आयपी पत्ता नव्या राऊटरपेक्षा वेगळा दिला आणि दोघांचे लॅन पोर्ट वायरने जोडले. वर आता पूर्ण वेग मिळतो. पण ताई, तुमचा नऊ वर्षांचा आहे, तेव्हा कंपनी त्याला अजून सुरक्षा अपडेट देते का ते आधी पाहा. देत नसेल तर वापरू नका. ई-कचऱ्यात देण्याआधी मागच्या छिद्रात टाचणी घालून दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवा. दिवे एकदम विझून परत पेटले की आतला तुमचा पासवर्ड गेला.