‘वय असतं हो’ म्हणणाऱ्यांना माझं उत्तर

सातारी_गॅरेजवाला: परवा इथं कुणी लिहिलं, ‘पोरांचा मेंदू पंचविशीपर्यंत कच्चा असतो, म्हणून गाड्या पळवतात; पुढं आपोआप शहाणी होतात, उगाच ओरडू नका.’ वाचून डोकं सटकलं. वीस वर्षं गॅरेज चालवतोय. कोपऱ्यात एक गोण आहे, निव्वळ आरशांची. नवी बाईक शोरूममधून थेट माझ्याकडं येते. आधी आरसे काढा, मग सायलेन्सर बदला. एकटं आलेलं पोरगं साइड स्टँड लावून गप उभं राहतं. तेच मागं दोन दोस्त असले की कोपऱ्यापासून रेस पिळत येतं. मेंदू तोच ना? की एकटं असताना पिकतो?

प्रज्ञा_न: दादा, विरोध करताय की पुरावा देताय? अमेरिकेत गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये हेच दाखवलं. गाडीच्या व्हिडिओ गेममध्ये १३ ते १६ वयाच्या मुलांनी मित्र बघत असताना दुपटीहून जास्त धोका पत्करला. चोविशीपुढच्यांना फरक पडला नाही.

डबल_क्लच: माझे साडू पंचेचाळीसचे. खंबाटकी घाटात बायको ओरडत असताना ट्रकला डावीकडून काढतात. ते कधी पिकणार?

कर्वेरोडकर: चावी कोण देतं ते बोला! पुण्यातलं कल्याणीनगर, मे २०२४. पोर्शे गाडीच्या धडकेत दोन जीव गेले आणि ती चालवणाऱ्या १७ वर्षांच्या मुलाला जामिनाची अट काय, तर ३०० शब्दांचा निबंध. पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, हे २०१९ पासून कायद्यात आहे. पण पोलीस पकडणार कुणाला? मंडईत भाजीला निघालेल्या आम्हा म्हाताऱ्यांना, हेल्मेट नाही म्हणून!

प्रज्ञा_न: आलं हेल्मेट. पुण्याचा धागा त्याशिवाय संपतच नाही.

कर्वेरोडकर: वीसच्या स्पीडला डोक्यावर हंडा कशाला? मान धरते माझी.

प्रज्ञा_न: माझा भाऊ वीसच्याच स्पीडला होता, काका. गल्लीच्या तोंडाशी, दूध आणायला निघालेला. अकरा टाके. तुमच्या मानेचं कौतुक मला सांगू नका.

कर्वेरोडकर: भावाचं वाईट वाटलं. खरंच. तरी मे महिन्यात घालून दाखवा.

डबल_क्लच: काका, पोरंसुद्धा हेच म्हणतात. शब्द न् शब्द.

कर्वेरोडकर: तुमच्या साडूंना सांगा आधी.

सातारी_गॅरेजवाला: हंडा राहू द्या बाजूला. ताई, तुमचा अभ्यास मान्य, पण अर्धाच. माझ्या मते गाडी पळवतो तो बघणारा, पोरगं नुसतं हँडल धरतं. काल एक आलं, म्हणे आरसे परत बसवा. मला वाटलं, उपरती झाली. कसली? पोलिसानं पावती फाडली होती. गोणीत जोड शोधली, डावा तेवढा सापडला.