लेझीम + बँड + मनोरे, साडेसात मिनिटांचं पथक: अडीच महिन्यांत बसेल का?

पांदणवाट:
यवतमाळ जिल्ह्यातली खेड्यावरची शाळा, वर्ग ८ ते १०. २६ जानेवारीच्या आधी तालुक्याला सामूहिक कवायत स्पर्धा आहे, वेळ साडेसात मिनिटं. ४८ मुलं-मुली तयार आहेत. सामान: ६ बिगुल, ६ साइड ड्रम, १ बास ड्रम, झांजेचा १ जोड, ३० लेझमी, गावातली २ डफडी. तीन अडचणी आहेत. सुरुवातीला बरोबर असलेला ठेका दोन मिनिटांत पळायला लागतो. मागची रांग पुढच्या रांगेपेक्षा अर्धा ठोका मागे दिसते. आणि कापूस वेचणी सुरू झाली की रोज आठ-दहा पोट्टे वावरात असतात. सुरुवात कुठून करावी?

कदमताल_वऱ्हाड:
सर, पहिले तीन आठवडे वाद्यं कपाटातच राहू द्या. ज्या पथकाची पावलं जुळलेली नाहीत, त्याची वाद्यं जुळत नाहीत, कारण ठोका शेवटी डाव्या पायावरच पडायचा असतो.

पावलाचं माप आधी ठरवा. पोलीस-सैन्याचं तेज चालीचं पाऊल ३० इंचांचं. आठवीच्या मुलीला ते ओढूनताणून टाकावं लागतं आणि खांदे हलतात. अमेरिकेतल्या शाळांचे बँड मैदानावर ५ यार्डांत ८ पावलं टाकतात, म्हणजे साधारण ५७ सेंटिमीटर. आपल्याकडे ६० धरा. सुतळीला दर ४.८ मीटरवर गाठ मारा, गाठीगाठीवर चुन्याची रेघ ओढा आणि रेघेवरचं डावं पाऊल पहिलं धरून पुढच्या प्रत्येक रेघेवर नववं पाऊल डावंच पडलं पाहिजे हा एकच नियम ठेवा. जो रेघेच्या आधी पोचतो तो लांब टांग टाकतोय, हे ओरडून सांगावं लागत नाही, त्याला स्वतःलाच दिसतं.

ठेका पळतो त्याचं कारण बहुतेक वेळा साइड ड्रमवाले असतात. जोर वाढला की वेग वाढतो, आणि लोक टाळ्या वाजवायला लागले की आणखी वाढतो. मोबाइलवर मेट्रोनोम (ठरावीक वेगाने टिकटिक देणारं ॲप) मिनिटाला ८० ठोक्यांवर लावून सुरू करा, आठवड्याला ६-८ ने वाढवत ११२ वर थांबा. १२० दिसायला झोकदार असतं, पण लेझीम वाकून घ्यायची असेल तर त्या वेगात आवाज चिरडतात. रोज एक फेरी अशी घ्या: १६ ठोके वाजवायचे, १६ ठोके सगळं बंद, फक्त पाय, मग पुन्हा वाजवायचं. बंद काळात कोण पळतो ते लगेच कळतं.

मैदान काळ्या मातीचं असेल तर दिवाळीनंतर भेगा पडतात. मुरूम भरून पाणी मारून दाबून घ्या. घोटे तिथंच मुरगळतात.

ताशा_तर्री:
मागची रांग मागे दिसते, त्यात पोरांचा दोष नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ढोल मैदानाच्या एका टोकाला आणि मुलं ५० मीटरवर असतील तर ठोका त्यांना ०.१५ सेकंद उशिरा ऐकू येतो. ११२ च्या लयीत एक ठोका ०.५४ सेकंदाचा, म्हणजे पाव ठोक्याहून जास्त फरक इथंच पडला. मुलं इमानदारीने ऐकून खेळतात म्हणूनच चुकतात.

उपाय: बास ड्रम आणि साइड ड्रम मागच्या रांगेच्या मधोमध ठेवा, परीक्षक समोर. लेझीमवाल्यांनी मागून येणारा आवाज ऐकायचा, म्हणजे त्यांचा आणि ड्रमचा आवाज परीक्षकांकडे एकत्र पोचतो. ड्रमवाल्यांनी मात्र कानावर अजिबात जायचं नाही, समोरच्या पथकप्रमुखाची काठी बघायची. काठी खाली येते तोच ठोका. बास ड्रमवाला सगळ्यात शांत डोक्याचा निवडा, सगळ्यात ताकदवान नको.

साइड ड्रमच्या सरावाला ड्रम लागत नाही. फळीवर सायकलच्या टायरचा तुकडा ठोका, तोच पॅड. क्रम: उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. हे शंभर वेळा सारख्या उंचीवरून आलं पाहिजे, काठी सहा इंचांपेक्षा वर नको. दोन हातांचा आवाज वेगळा येत असेल तर डावा हात उंच करू नका, उजवा खाली आणा.

बिगुलाला कळा नसतात, त्यातून पाचच सूर कामाचे निघतात. म्हणून देशभक्तिगीत वाजवायचा हट्ट करू नका, छोट्या सलामीच्या धुना बसवा. सहाही बिगुल एकाच पट्टीचे आहेत का ते विकत घेतानाच तपासा. ओठ मिटून थरथरवायचे, गाल फुगवायचे नाहीत. नवख्याने सलग दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त फुंकू नये. ओठ सुजले की दोन दिवस सूर लागत नाही. तोंडाचा भाग प्रत्येकाचा वेगळा ठेवा. जानेवारीच्या सकाळी थंड पितळ उतरलेला सूर देतं, त्यामुळे मैदानात जाण्याआधी पाच मिनिटं नुसती गरम वाफ फुंका. डफडं दवाने सैल पडतं, ते शेकोटीवर दुरून शेकून घ्या. प्लास्टिकच्या पडद्याला मात्र आगीजवळ नेऊ नका. ड्रमचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळा, एकाच बाजूने आवळले की पडदा तिरपा ताणतो.

पुढे राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धेकडे बघायचं असेल तर तिथं ब्रास (पितळी वाद्यांचा) आणि पाइप (बॅगपाइपचा) बँड असे गट असतात, मुलांचे आणि मुलींचे वेगळे. नवीन वाद्यं घेण्याआधी हे डोक्यात ठेवा.

पांदणवाट:
ड्रमची जागा उद्याच बदलतो. मनोऱ्याचं काय करावं? मुलं तीन थर मागताहेत. आणि गैरहजेरीचं?

मल्लखांब_ताई:
सर, तीन थर करता येतात, पण खाली किती आहेत यापेक्षा मागे कोण उभं आहे ते महत्त्वाचं. अमेरिकेतल्या चिअरलीडिंगमध्ये वर जाणाऱ्या मुलीच्या मागे एक जण फक्त तिच्या डोक्या-मानेसाठी असते आणि तिची नजर शेवटपर्यंत वरून हटत नाही. आपल्या मनोऱ्यात हीच जागा रिकामी असते. वरच्या प्रत्येकामागे एक राखीव द्या, आणि तो नसेल त्या दिवशी तिसरा थर घेऊच नका. याबाबत सवलत नको.

तळाच्या मुलाचे हात खांद्यांच्या सरळ खाली, गुडघे कमरेइतके अंतरावर, कोपर आत वळलेलं नको. वरच्याचे गुडघे खालच्याच्या कमरेच्या हाडावर आणि खांद्याच्या पात्याजवळ. पाठीच्या मधोमध वजन कधीच द्यायचं नाही, तिथं कण्याला आधार नाही. पाय अनवाणी, पण घाम पुसून. पहिले दोन आठवडे गादी किंवा वाळूवर.

पडणं जास्त करून उतरताना होतं, कारण सलामी झाली की मुलांना वाटतं काम संपलं. म्हणून उतरण्यालाही अंक द्या. शिट्टी १ बैठक, २ दुसरा थर, ३ तिसरा, ४ सलामी, ५ तिसरा खाली, ६ दुसरा खाली, ७ तळ उठतो. ५ च्या आधी तळाने मान वर करायची नाही. मनोरा लेझमीच्या लगेच नंतर ठेवू नका, दम भरलेला असतो. मध्ये बँडचं ४५ सेकंदांचं संचलन घाला.

कदमताल_वऱ्हाड:
गैरहजेरीसाठी नावाने जागा देऊ नका, आकड्याने द्या. ४८ पैकी ४० च जागा आखा आणि ८ जण प्रत्येकी पाच जागा पाठ केलेले ठेवा. ते उरलेले नाहीत, पथकातले सर्वांत हुशार तेच असायला हवेत, आणि त्यांना तसं सांगाही. सराव शाळेआधी ४० मिनिटं. संध्याकाळी शेवटची एसटी आणि वेचणी दोन्ही आड येतात. रिकाम्या पोटी वाकायला लावू नका, मूठभर फुटाणे आणि गूळ आधी द्या.

लेझमीत चार आवाज, एक जगह, दो रुख, आगे फलांग एवढेच हात घ्या, पण खोल वाकून. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने, १९१४ पासूनची संस्था आहे ती, आपली देशी कवायत १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी दाखवली होती. तिथून शिकलेला एखादा क्रीडा शिक्षक जवळपास असला तर दोन दिवस बोलवा, हात सरळ होतात.

दर शनिवारी लेझमी तपासा: साखळीची उघडी कडी पकडीने दाबायची, झांजेची धार कानशीने मारायची. स्पर्धेचे पांढरे बूट निदान दोन आठवडे आधीपासून घालून सराव करा, नवीन बुटाने टाच सोलते. आणि एक फेरी डीजे लावलेल्या गोंगाटात घ्या, कारण तालुक्याच्या मैदानावर शेजारचं पथक त्याच वेळी वाजवत असतं.