बाबांचा ऑनलाइन चष्मा : सोसायटी ग्रुपवरची चर्चा, जुळे सोलापूर

ए-२०३ : नमस्कार सगळ्यांना. बाबांसाठी भावाने पुण्याहून ऑनलाइन प्रोग्रेसिव्ह चष्मा (लांबचं-जवळचं एकाच काचेत) मागवलाय. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचा नंबर जसाच्या तसा टाकला होता. पण बाबा म्हणतात, जिन्याच्या पायऱ्या हलल्यासारख्या दिसतात आणि पेपर वाचायला मान वर करावी लागते. आठ-दहा दिवस झाले. सवय होईल म्हणून थांबू, की इथंच सोलापुरात नव्या पेठेतल्या दुकानात जाऊन दुसरा करू?

सी-१०१ : ताई, थोडे दिवस जाऊ द्या. मी कॉलेजपासून ऑनलाइनच मागवतो, काही त्रास नाही. इथं दुकानात नुसत्या फ्रेमचे जेवढे सांगतात, तेवढ्यात माझे दोन चष्मे येतात.

डी-३०२ : आमच्या ह्यांनी दुकानातूनच केला होता, तरी कितीतरी दिवस गरगरायचं. दुकानवाले तरी कुठं नीट बघतात ओ.

बी-४०२ : ताई, पायऱ्या हलणं हा प्रोग्रेसिव्हचा सुरुवातीचा त्रास आहे, बहुतेकांचा आठवडा-दोन आठवड्यांत जातो. जिना उतरताना बाबांना हनुवटी खाली घेऊन काचेच्या वरच्या भागातून बघायला सांगा आणि तोवर कठडा धरूनच उतरू द्या. मान वर करून वाचावं लागणं मात्र सवयीनं जाणारं नाही. वाचायचा भाग खाली बसलाय, असा त्याचा सरळ अर्थ. आयुष्यभर चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचंच काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रोग्रेसिव्हच्या एकाच काचेत वर लांबचा नंबर, खाली जवळचा आणि मध्ये हळूहळू बदलत जाणारी चिंचोळी पट्टी असते. ही पट्टी बुबुळासमोरच यायला लागते. त्यासाठी निवडलेली फ्रेम माणसाच्या नाकावर चढवायची, काड्या आणि नाकाचे पॅड नीट करून घ्यायचे, समोर बसून त्याला सरळ बघायला लावायचं आणि डमी काचेवर बुबुळाच्या जागी पेनानं खूण करायची. हे माप डॉक्टरांच्या चिठ्ठीत येऊच शकत नाही, कारण तेव्हा फ्रेम ठरलेलीच नसते. पुण्यात बसून भावानं नंबर कितीही बरोबर टाकला, तरी बाबांच्या नाकावर फ्रेम कुठं टेकते हे त्याला कसं कळणार?

घरीच तपासता येतं. काचेवर तोंडाची वाफ सोडा आणि ट्यूबलाइटसमोर तिरकी धरा. प्रत्येक काचेवर दोन बारीक कोरलेल्या खुणा दिसतील, गोल किंवा कंपनीच्या चिन्हाच्या, एकमेकींपासून ३४ मिलिमीटरवर. दोन्हींवर स्केचपेनचे ठिपके द्या. बाबांना चष्मा घालून समोर बघायला सांगा आणि तुमचे डोळे त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर आणून बघा. बुबुळ दोन ठिपक्यांच्या बरोबर मध्ये आणि ठिपक्यांच्या रेषेच्या थोडंसं वर हवं. एका डोळ्याचं मध्ये आणि दुसऱ्याचं कडेला गेलं असेल, किंवा ठिपके पार गालाकडे उतरले असतील, तर फोटो काढून ठेवा.

सी-१०१ : काका, मग माझं कसं काय जमतं? मी पण नुसता नंबरच टाकतो.

बी-४०२ : तुझा नंबर किती?

सी-१०१ : दोन्ही डोळ्यांना उणे १.२५.

बी-४०२ : म्हणूनच जमतं. काचेचा मध्य बुबुळासमोरून सरकला की काच प्रिझमसारखी वागते, म्हणजे समोरचं चित्र बाजूला सरकवते. किती वागते, तर सरकलेले सेंटिमीटर गुणिले नंबर. बुबुळांमधलं अंतर ४ मिलिमीटरनं चुकलं, तर तुझ्या नंबरात दोन्ही डोळ्यांचं मिळून अर्धा प्रिझम, डोळे सहज निभावून नेतात. तीच चूक ६ नंबरवाल्याला झाली तर २.४ होतो, मग संध्याकाळपर्यंत कपाळ धरून बसायची वेळ. तू खुशाल ऑनलाइन घे. साधा लांबचा छोटा नंबर, घरात पडून राहणारा दुसरा चष्मा, यासाठी दुकानात जादा पैसे द्या असं मी कुणालाच सांगणार नाही. फक्त तपासणीच्या वेळीच बुबुळांमधलं अंतर, म्हणजे पीडी, चिठ्ठीवर लिहून घे. मोठ्या माणसांचं बहुधा ५४ ते ७४ मिलिमीटरमध्ये येतं. काही दुकानदार लिहून द्यायला कां-कूं करतात. ते मला कधीच पटलं नाही, माप गिऱ्हाइकाच्या डोळ्यांचं आहे.

आणि जुन्या चष्म्याच्या काडीवर आतून ५२-१८-१४० असं काही छापलेलं असतं. काचेची रुंदी, नाकावरचा पूल, काडीची लांबी. नवी फ्रेम त्याच्याच आसपासची घे.

डी-३०२ : काका, मी घरी युनिफॉर्मची शिलाई करते. जवळच्या चष्म्यानं मोबाइल छान दिसतो, पण मशीनवर वाकूनच बसावं लागतं. मान भरून येते.

बी-४०२ : वहिनी, हा प्रश्न ऑनलाइनचा नाही आणि दुकानाचाही नाही, हे तपासणीत सांगायचं राहून गेलंय. जवळचा नंबर साधारण ४० सेंटिमीटरवर वाचायला लावून काढतात. तुम्ही नेहमीसारख्या ताठ बसा आणि कुणाला तरी डोळ्यापासून सुईपर्यंत टेप लावायला सांगा. ५० भरलं तर जवळच्या नंबरात अर्ध्याचा फरक पडू शकतो. तो आकडा घेऊनच डॉक्टरांकडे जा आणि मशीनसाठी वेगळा चष्मा मागा. सोलापुरात घराघरात शिलाई चालते, विड्या वळणाऱ्या बायका आहेत, आणि सगळ्यांच्या नाकावर पेपर वाचायचा नंबर! कामाचं अंतर कुणी विचारतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

डी-३०२ : आज रात्रीच मोजते.

ए-१०४ : लेकीला शाळेत फळा दिसत नाही म्हणते. मॉलमध्ये कॉम्प्युटरवर नंबर काढून दिला, तो टाकून मागवू का?

बी-४०२ : अजिबात नको. कॉम्प्युटरचा आकडा ही तपासणीची सुरुवात असते, शेवट नाही. लहान मुलं जवळ बघायचा जोर लावतात, त्यामुळे उण्याचा नंबर जास्त येऊ शकतो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे थेंब घालून तपासून घ्या. काच पॉलिकार्बोनेटची घ्या, ती सहजासहजी फुटत नाही. फ्रेम दुकानात नाकावर बसवूनच घ्या. घसरली की मूल चष्म्याच्या वरून बघतं.

ए-२०३ : काका, ठिपके देऊन बघितलं. उजवीकडे बुबुळ मध्ये आहे, डावीकडे नाकाच्या बाजूला सरकलंय. आणि दोन्हीकडे ठिपके खूपच खाली आहेत.

बी-४०२ : समोरून एक फोटो काढा, ठिपके आणि बुबुळं दोन्ही दिसतील असा. भावाला आजच परतीची तक्रार टाकायला सांगा, मुदत किती आहे ते बघून. ‘दिसत नाही’ एवढंच लिहिलं तर सवय होऊ द्या म्हणून उत्तर येईल. ‘फिटिंगची उंची आणि डाव्या डोळ्याचा पीडी चुकलाय, फोटो जोडलाय’ असं लिहा. काच बदलून देतो म्हणाले तर आधी माप कोण आणि कसं घेणार ते विचारा. बऱ्याच ऑनलाइन कंपन्यांची आता दुकानंही असतात, तिथं बाबांना समोर बसवून माप घेणार असतील तर हरकत नाही. नाहीतर पैसे परत घ्या.

आणि बाबांना शुगर आहे ना? हल्ली वर-खाली होत असेल तर नवा नंबर आत्ता काढू नका. शुगर बदलली की नंबरही हलतो. स्थिर झाल्यावर तपासा, त्याच वेळी पडदा आणि डोळ्याचं प्रेशरही बघून घ्या. काचबिंदू सुरुवातीला दुखत नाही की कळत नाही. तोवर जुना चष्मा चालू दे.

ए-२०३ : होय काका. शुगर गेल्या महिन्यात वाढली होती, औषध बदललंय. भावाला फोटो पाठवते.

सी-१०१ : काका, माझ्या काचांवर बारीक भेगांचं जाळं आलंय, तेही मापाचंच का?

बी-४०२ : गाडीत ठेवतोस का उन्हाळ्यात?

सी-१०१ : डॅशबोर्डवरच असतो.

बी-४०२ : आपल्याकडच्या मे महिन्यात बंद गाडीत कोटिंग तडकतं. दुकानातला घेतला असतास तरी तडकलं असतं. डबीत घालून घरात ठेव.