कन्सल्टिंगची ऑफर आलीये, पण काम नेमकं काय ते घरी सांगता येत नाहीये

चिंचवडकर_मेक

नमस्कार मंडळी. मेकॅनिकल करून ३ वर्षं हिंजवडीत आयटीत काढली, मग एमबीए केलं, आणि आता एका मॅनेजमेंट कन्सल्टिंग फर्मची ऑफर हातात आहे. ऑफिस मुंबईला, घर चिंचवडला. पगार चांगलाय, त्याबद्दल विचारायचं नाहीये. रोजचं काम कसं असतं ते कोणी नीट सांगेल का? कॉलेजला आलेले सीनियर 'खूप शिकायला मिळतं' एवढंच सांगून गेले आणि केस इंटरव्ह्यूच्या तयारीत मी शहरात रोज किती पेट्रोल खपत असेल असले अंदाज काढत बसलो, त्यावरून कामाचं काहीच कळत नाही.

दुसरं जरा घरचं आहे. बाबा आकुर्डीला एकाच कंपनीत ३१ वर्षं टूलरूममध्ये होते. ऑफरचं कळल्यावर पेढे आणले, पण रात्री जेवताना म्हणाले, "आमच्याकडे पण आली होती ती फाइलवाली पोरं. दोन महिने स्टॉपवॉच घेऊन फिरली, कोणाशी धड बोलली नाहीत, आणि दिवाळीनंतर व्हीआरएसची नोटीस लागली." बाबांच्या शेजारच्या बेंचवर काम करणारे काका त्यात गेले. आता मी तेच करणार का? मला उत्तर देता आलं नाही. कोणी हे काम केलं असेल तर खरं खरं सांगा.

सिंहगडरोडवाला

मी ७ वर्षं करतोय, जास्त करून ऑटो कंपोनंटवाल्यांसाठी. आधी बाबांचं बोलतो. त्यांना चुकीचं ठरवू नकोस. हा धंदाच मुळात तिथून आलाय, अमेरिकेत फ्रेडरिक टेलर नावाचा इंजिनियर १८९३ पासून कंपन्यांना सल्ला द्यायचं काम करायला लागला आणि कामगाराच्या हाताच्या हालचालीला घड्याळ लावणं ही त्याचीच पद्धत. मॅकिन्झी १९२६ ची, बीसीजी १९६३, बेन १९७३, ही स्ट्रॅटेजीवाली नावं सगळी नंतरची. आणि खर्च कमी करायचे प्रोजेक्ट आजही येतात, त्यात माणसं कमी होतात, हे मी लपवणार नाही.

रोजचं काम म्हणशील तर पहिली २ वर्षं डेटा मागणं, तो न मिळणं, परत मागणं, मिळाला की एक्सेलमध्ये साफ करणं, आणि त्याच्या स्लाइड्स करणं. सोमवार ते गुरुवार क्लायंटकडे, शुक्रवारी ऑफिस. संध्याकाळी ६ ला मॅनेजर डेक, म्हणजे त्या सगळ्या स्लाइड्स, बघतो, ९ ला बदल येतात, १२ पर्यंत ते करायचे. प्रश्नाचे तुकडे असे पाडायला शिकवतात की एकही तुकडा दुसऱ्यावर चढू नये आणि काही सुटूही नये, आणि ही सवय मात्र आयुष्यभर पुरते.

एक चाकणचं सांगतो. प्रेस शॉप होतं, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढतात ते, आणि डाय, म्हणजे प्रेसमधला साचा, बदलायला दीड तास जायचा. आमच्या मॉडेलचं उत्तर येत होतं की नवीन प्रेस घ्या, म्हणजे मोठाच खर्च. मला ते पटेना म्हणून एकदा रात्रपाळीला थांबलो. तिथल्या सेटरमामांनी (सेटर म्हणजे डाय बसवणारा कामगार) ड्रॉवरमधून २०० पानी शाळेची वही काढली, ऑइलचे डाग पडलेली. प्रत्येक वेळी डाय बदलली की तारीख, वेळ आणि पुढे कारण. 'क्रेन नाही.' 'बोल्ट वेगळ्या मापाचे.' 'क्रेन नाही.' 'क्रेन नाही.' पानंच्या पानं. दोन लाइनमध्ये एकच क्रेन होती आणि ती कायम दुसऱ्या लाइनला. ४ वर्षं ते लिहीत होते आणि कोणी मागितलंच नव्हतं. मग डायसाठी ट्रॉली, सगळीकडे एकाच मापाचे बोल्ट, आणि प्रेस चालू असतानाच पुढची डाय आणून ठेवायची (जपानच्या शिंगोंची पद्धत आहे ही, मशीन बंद ठेवूनच करावं लागणारं काम बाकीच्या कामापासून वेगळं काढायचं). वेळ ४० मिनिटांच्या आत आला. नवीन प्रेस लागलीच नाही. मामांचं नाव मी फायनल प्रेझेंटेशनमध्ये घातलं आणि पार्टनरने ते राहू दिलं, याचा मला आजही अभिमान आहे.

प्राची_औंध

मी ४ वर्षांनी सोडलं. काम मनापासून आवडायचं हे आधी सांगते, कारण सोडणाऱ्यांनी शिव्याच घालाव्यात अशी अपेक्षा असते. पण या फर्ममध्ये ठरावीक वर्षांत वरच्या पायरीवर गेलात तर ठीक, नाहीतर दुसरीकडे बघा असं सरळ सांगतात. त्यामुळे 'आहे तिथे बरी आहे' ही सोयच नाही. आणि प्रवास. माझी बॅग कायम भरलेली असायची. एका रविवारी रात्री मुलाने त्यातली टूथब्रशची पिशवी काढून फ्रीजच्या मागे लपवली, पहाटे कॅब खाली उभी आणि मी घरभर शोधतेय, तर तो झोपेचं सोंग घेऊन पडलेला. ५ वर्षांचा होता तेव्हा. पेपर टाकायला अजून ८ महिने लागले पण ठरलं त्या दिवशीच. तुझं लग्न वगैरे झालं नसेल तर आत्ता कर, पण आईबाबांच्या वयाचाही विचार कर रे. मुंबई जवळ म्हणून फसू नकोस. ७:१५ ची डेक्कन क्वीन पकडून सोमवारी जाशील, पण प्रोजेक्ट मुंबईतच असेल असं कोण सांगतंय, माझे जमशेदपूर आणि हलोल झाले.

खराडी_बायपास

पुणे सोडायचं नसेल तर इथेही कन्सल्टिंग आहे की. खराडीत आम्ही फार्माचं करतो, म्हणजे औषध कंपनीला किती एमआर लागतील, कोणी कोणत्या डॉक्टरांकडे किती वेळा जायचं, इन्सेन्टिव्ह कसा ठरवायचा. डेटाचं काम जास्त, प्रवास जवळपास नाही, पण क्लायंट अमेरिकेत, त्यांचे सकाळचे ९ म्हणजे आपले उन्हाळ्यात साडेसहा आणि नोव्हेंबरपासून साडेसात, त्यामुळे संध्याकाळ तुमची नसते. ज्याच्यासाठी काम करतो तो माणूस समोर दिसत नाही, मला त्याचं वाईट वाटतं. वरच्या वहीसारखं काही माझ्या हातात कधी येणार नाही.

रांजणगाव_प्लांट

मी पलीकडच्या बाजूला असतो, कन्सल्टंट बोलावणाऱ्यांच्या. एक गोष्ट ऑफर लेटरवर नसते ती सांगतो. बऱ्याचदा निर्णय मॅनेजमेंटने आधीच घेतलेला असतो आणि त्यावर बाहेरच्या नावाचा शिक्का हवा असतो. तुझ्या बाबांच्या कंपनीत काय झालं ते मला माहीत नाही, पण आमच्याकडे मी हे डोळ्यांनी बघितलंय, आणि आलेल्या पोरांना ते माहीतही नव्हतं. नवीन लागलेल्याला प्रोजेक्ट निवडता येत नाही. पण कोणाशी बोलायचं ते निवडता येतं, एवढं तर धर.

चिंचवडकर_मेक

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, हलोल कुठेय ते मॅपवर बघितलं. दादा, वहीचा किस्सा रात्री बाबांना वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले अशी वही आमच्याकडे पण होती, दोघांतिघांकडे. आणि एकच विचारलं, "कॅन्टीनला जेवायला कुठे बसतात हे लोक?" काय सांगू?

सिंहगडरोडवाला

खरं सांग. स्टाफच्या बाजूला बसतात, वेगळ्या टेबलावर, लॅपटॉप उघडा ठेवून. मीही पहिला आठवडा तिथेच बसलो होतो. सेटरमामांची ओळख झाली ती दुसऱ्या आठवड्यात, ताट घेऊन पलीकडे गेलो तेव्हा. आणि बाबांना विचार, त्या वह्या अजून आहेत का कोणाकडे. जॉइन व्हायच्या आधी एकदा बघून घे.