बाबांच्या गाडीची पुढची काच: भरायची की बदलायची?

प्रेषक: वणीकर

मंडळी, नमस्कार.
विषय मंडळाच्या कार्यक्रमाचा नाही, पण विदर्भातले बरेच जण इथे आहेत म्हणून विचारतो. बाबा वणीहून वरोऱ्याला जात असताना पुढच्या टिप्परमधून गिट्टी उडाली. फोटोत दोन गोष्टी दिसतात: आरशाखाली रुपयाच्या नाण्याहून लहान टवका, आणि डावीकडे खालच्या रबरापासून वर चढलेला वीतभर तडा. गावातला मेकॅनिक म्हणतो, दोन्ही भरून देतो. बाबा म्हणतात, "चालते ना गाडी, काहून पैसे घालून राहिला?" (पैसे मीच पाठवणार आहे, तरी!) काय करावं?

---

प्रेषक: हिंगणघाटकर

वणीकरभाऊ,
नुसता टवका असता तर भरा म्हटलं असतं. पुढची काच म्हणजे दोन काचा आणि मध्ये प्लास्टिकचा पातळ पापुद्रा. गिट्टीनं सहसा बाहेरचीच काच फुटते. त्यातली हवा ओढून घेतात, पातळ रेझिन दाबानं भरतात आणि अतिनील दिव्याखाली कडक करतात. पुसट डाग राहतो, पण तडा फुटत नाही. आत धूळ-पाणी शिरायच्या आधी हे व्हावं लागतं, म्हणून तोवर वरून सेलोटेप लावून ठेवतात.

तुमचा तडा मात्र कडेपासून निघालाय. काचेची कड सगळ्यात नाजूक, आणि वीतभर तडा भरून टिकत नाही. काच बदला, म्हणजे टवक्याचाही प्रश्न मिटला. मेकॅनिकला नाव ठेवत नाही, पण "दोन्ही भरून देतो" म्हणणाऱ्याकडून काच बसवून घेऊ नका. काच पॉलियुरेथेनच्या गोंदावर बसते. गोंद नीट लागला नाही तर अपघातात काच सुटून येते, आणि शेजारच्या सीटची एअरबॅग तर काचेचाच आधार घेऊन फुगते. काम झाल्यावर गोंद वाळेपर्यंत गाडी हलवायची नाही, दारं आपटायची नाहीत.

---

प्रेषक: वणीकर

धन्यवाद भाऊ. बाबांना सांगितलं. आता म्हणतात, "कापसाचा भाव चढू दे, मग पाहू."

---

प्रेषक: वरोऱ्याची काकू

अरे, कापसाला थांबता येतं, तड्याला कसं थांबवशील? आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. उन्हात तापलेल्या काचेवर एसीचा झोत सोडला की तडा सरसर पळतो. तोवर बाबांना सांग, एसी हळूहळू वाढवा, गाडी सावलीत लावा आणि तापल्या काचेवर बादलीभर पाणी ओतू नका. रात्री तर समोरच्या ट्रकचे लाईट त्या तड्यात फाकतात.

विम्याची पॉलिसी फर्स्ट पार्टी, म्हणजे आपल्या गाडीचंही नुकसान भरून देणारी, आहे का ते आधी बघ. काचेवर घसारा, म्हणजे जुनी झाली म्हणून किंमत, कापत नाहीत. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सहसा १,००० रुपये आपले जातात, पुढचा खर्च कंपनीचा. पण क्लेम केला की पुढच्या वर्षी नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. बाबांचा बोनस ५० टक्क्यांपर्यंत पोचला असेल तर हिशेब करून बघ. जुन्या गाडीचा हप्ताच कमी असतो, त्यामुळे बोनसपेक्षा काच महाग पडायची शक्यता जास्त.

आणि क्लेम करायचा असेल तर विमा कंपनीचा सर्व्हेअर बघून जाईपर्यंत जुनी काच कुणाला काढू देऊ नको.